एक हंडा, दोन जिभा: पोर्टलंडमधील एका दांपत्याच्या आंबट बिअरचा प्रकरण अभ्यास

ओरेगन राज्यातील पोर्टलंड येथे राहणाऱ्या एका मराठी दांपत्याने अकरा महिने मुरवलेली आंबट बिअर सप्टेंबरमध्ये बाटल्यांत भरली आणि तीन आठवड्यांनी पहिली बाटली उघडली. पतीच्या मते ती त्यांच्या हातून झालेली सर्वांत चांगली बिअर होती. पत्नीच्या मते ती घरी आलेल्या कोणाही माणसाच्या पेल्यात ओतण्याच्या लायकीची नव्हती. आवडीनिवडीचा हा नेहमीचा मतभेद असता तर त्यावर लिहिण्यासारखे काही नव्हते. परंतु एकाच बाटलीतून एकाच वेळी ओतलेल्या बिअरमध्ये एकाला जे स्पष्ट लागत होते ते दुसऱ्याला मुळीच लागत नव्हते, आणि त्याचे कारण त्या दोघांच्या स्वभावात नसून रसायनात होते. जोडप्याने मिळून जोपासलेल्या छंदात अशा वेळी निर्णय कोणी आणि कशाच्या आधारावर घ्यावा, हा या प्रकरणाचा विषय आहे. त्यांच्या नोंदवह्या मला पाहायला मिळाल्या आणि दोघांशी स्वतंत्रपणे बोलता आले. नावे अर्थातच दिलेली नाहीत.

प्रथम पार्श्वभूमी. अमेरिकेत घरी बिअर तयार करण्यास संघराज्याच्या पातळीवर मुभा मिळाली ती १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने. त्यानुसार घरात एक प्रौढ व्यक्ती असेल तर वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक असतील तर २०० गॅलन, म्हणजे साधारण ७५७ लिटर, बिअर विक्रीसाठी नव्हे तर स्वतःच्या वापरासाठी करता येते. कायदा करणाऱ्यांच्या मनात जोडप्यांचा छंद होता असे नाही, पण मर्यादा दुप्पट करताना त्यांनी जोडप्याला हिशेबात धरले आहे खरे. महाराष्ट्रातील वाचकांनी मात्र पुढील मजकूर केवळ माहिती म्हणून वाचावा. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा लागू असून परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, मग ते घरच्या तळघरात, घरच्यांपुरते केलेले का असेना.

पोर्टलंड हे या छंदासाठी सोयीचे गाव आहे. घरगुती बिअरचे साहित्य विकणारे, १९१८ पासून चालू असलेले एफ. एच. स्टाइनबार्ट हे दुकान तेथेच आहे. हॉप्सचे, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचे, आणि बेरी वर्गातील फळांचे मळे असलेले विलामेट खोरे शहराच्या दक्षिणेला लागूनच पसरले आहे, आणि हिवाळा थंड असला तरी घराचे तळघर गोठत नाही. या दांपत्याने दोन-तीन वर्षे साध्या एल बिअरवर हात बसवला होता. मॉल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य, भिजवणे, तापमान सांभाळणे, हायड्रोमीटरने ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेतील घनता, मोजणे आणि वहीत आकडे लिहिणे ही कामे पतीकडे असत, तर चव घेणे, कोणत्या वेळी कोणते फळ घालायचे ते ठरवणे आणि भरण्याआधी बाटल्या तपासणे ही पत्नीकडे. बाटल्या धुण्याचे काम कोणाकडे, हा प्रश्न बहुतेक जोडप्यांप्रमाणे त्यांच्याकडेही शेवटपर्यंत सुटलेला नव्हता. जोडप्यांसाठी रम्य छंद म्हणून घरगुती बिअरचे वर्णन करणाऱ्यांनी एकदा पन्नास बाटल्यांच्या तळाशी सुकलेला गाळ ब्रशने खरवडून पाहावा.

आंबट बिअरकडे ते वळले ते सोप्या वाटेने. या पद्धतीत मॉल्टचे गोड पाणी, म्हणजे वर्ट, हॉप्स न घालता थोडा वेळ उकळतात, ३५ ते ४० अंश सेल्सिअसपर्यंत निववतात आणि त्यात लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू सोडतात. काही जण तर त्यासाठी घरचे दहीच वापरतात. एक-दोन दिवसांत पीएच ३.३ च्या आसपास उतरला की वर्ट पुन्हा उकळून जिवाणू मारायचे, थोडे हॉप्स घालायचे आणि पुढे नेहमीचे यीस्ट. हॉप्सचा कडवटपणा या जिवाणूंना सोसत नाही, म्हणून हॉप्स नेहमी नंतर. दोन-तीन आठवड्यांत स्वच्छ, आंबट, हलकी बिअर तयार होते, आणि उकळीने सर्व जिवाणू मेलेले असल्यामुळे बाकीची उपकरणे बाटण्याची भीती राहत नाही. तिच्यात दोष काढायला फारशी जागा नसते, आणि खोलीही फारशी नसते, असे माझे मत आहे.

ज्या हंड्यावरून हे प्रकरण घडले तो दुसऱ्या पद्धतीचा होता. या पद्धतीचे मूळ बेल्जियममध्ये, ब्रुसेल्सच्या नैऋत्येकडील पायोटेनलँड आणि सेन नदीच्या खोऱ्यात आहे. तेथील लॅम्बिक ही बिअर तीस-चाळीस टक्के कच्चा गहू आणि जुने, कडवटपणा उतरलेले हॉप्स वापरून साधारण ऑक्टोबर ते एप्रिल या थंड महिन्यांतच करतात. उघड्या उथळ टाकीत रात्रभर निवताना हवेतून जे जीव पडतील त्यांच्यावर ती सोपवतात आणि लाकडी पिंपात एक ते तीन वर्षे मुरवतात. घरी एवढा जुगार कोणी खेळत नाही. या दांपत्याने बाजारात मिळणारे मिश्र विरजण घेतले, ज्यात नेहमीचे यीस्ट, ब्रेटॅनोमायसिस हे रानटी यीस्ट आणि लॅक्टोबॅसिलस व पेडिओकॉकस हे दोन जिवाणू होते. ब्रेटॅनोमायसिसचे नाव १९०४ मध्ये कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेतील नील्स हेल्टे क्लाउसेन यांनी दिलेले असून ब्रिटिश बिअरमध्ये मुरताना येणारी खास चव याच जिवामुळे येते, असे त्यांनी दाखवले होते.

ऑक्टोबरमध्ये दोन भाग पिल्सनर मॉल्ट आणि एक भाग गहू घेऊन, मॅशचे, म्हणजे गरम पाण्यात भिजवलेल्या धान्याचे, तापमान मुद्दाम ६९ अंशांवर ठेवून त्यांनी १९ लिटर वर्ट केले. तापमान चढे ठेवले की साध्या यीस्टला न पचणाऱ्या जड साखरा जास्त उरतात आणि ब्रेटॅनोमायसिस व जिवाणू यांना पुढचे कित्येक महिने खायला मिळते. काचेच्या हंड्याला एअरलॉक, म्हणजे वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी झडप, लावून तो तळघरात ठेवला. या हंड्यासाठी सायफनची नळी, रबरी बूच आणि प्लास्टिकची बादली वेगळी केली व त्यांवर लाल फीत गुंडाळली, कारण प्लास्टिकच्या ओरखड्यांत शिरून बसलेले हे जीव धुऊन निघतील याची खात्री देता येत नाही.

तिसऱ्या महिन्यात बिअरने साय धरली. पांढुरकी, सुरकुतलेली, मधूनमधून फुगे आलेली ही साय ब्रेटॅनोमायसिस पृष्ठभागावर धरतो आणि ती काढायची नसते. तिच्याखालून नमुना घेण्यासाठी नळी घातली तेव्हा बिअर ओघळली नाही, एकतारी पाकासारखी तार धरून पेल्यात उतरली. पेडिओकॉकस आंबटपणाबरोबर चिकट बहुशर्कराही तयार करतो आणि लोण्यासारख्या वासाचा डायअसिटिल नावाचा पदार्थही. या अवस्थेतील बिअरला आजारी म्हणतात. अनेक नवशिके येथेच घाबरून हंडा मोरीत रिकामा करतात. या दांपत्याने केला नाही, कारण तार दोघांना दिसत होती, लोण्याचा वास दोघांना येत होता आणि ब्रेटॅनोमायसिस काही महिन्यांत हे दोन्ही खाऊन टाकतो हे दोघांनी वाचले होते. मे महिन्यापर्यंत बिअर पातळ आणि नितळ झाली. पुढच्या पेचाच्या तुलनेत हे संकट सोपे होते, याची नोंद येथे करून ठेवतो.

सप्टेंबरमध्ये ग्रॅव्हिटी १.००४ वर स्थिर होती आणि पीएच ३.३ होता. स्थिर म्हणजे एका वाचनात आलेली नव्हे, काही आठवड्यांच्या अंतराने घेतलेल्या वाचनांत न हललेली. ब्रेटॅनोमायसिस सावकाश का होईना, बाटलीतही खात राहतो. ग्रॅव्हिटीचा एक अंश, म्हणजे ०.००१, उतरला तर बिअरच्या आकारमानाच्या साधारण निम्मा कार्बन डायऑक्साइड वाढतो, आणि चार-पाच अंश शिल्लक असताना भरलेली बाटली फुटू शकते. याबाबतीत पतीची वही चोख होती. निम्मी बिअर त्यांनी सुमारे २ किलो गोठवलेल्या मॅरियनबेरीवर ओतली. मॅरियनबेरी ही ब्लॅकबेरीची ओरेगनमध्येच पैदास केलेली आणि १९५६ मध्ये प्रसारित झालेली जात असून तिचे नाव तेथील मॅरियन परगण्यावरून आले आहे. उरलेल्या निम्म्यातून एक लिटर एका लहान बरणीत काठोकाठ भरून बाजूला ठेवले आणि बाकीची जाड काचेच्या बाटल्यांत मोजून घातलेली साखर व थोडे शॅम्पेन यीस्ट यांच्यासह भरली. ते लिटर फळांच्या हंड्यात भर घालण्यासाठी राखले होते. पुढे त्याचा उपयोग निराळाच झाला.

ऑक्टोबरच्या मध्यावर पहिली बाटली उघडली. घोट गिळून दहा-पंधरा सेकंद झाल्यावर पत्नीने पेला खाली ठेवला आणि म्हणाली, "अरे, उंदीर! माळ्यावरच्या गोणपाटात उंदीर झाल्यावर येतो ना, तस्सा वास." पतीने पुन्हा घोट घेतला, पुन्हा एक घेतला. "अगं, मला तर काहीच लागत नाहीये." दुसरी बाटली उघडली, तिच्यातही तेच झाले. पतीने वही आणली आणि ग्रॅव्हिटी, पीएच, तापमान, साखरेचे वजन हे सर्व बरोबर असल्याचे दाखवले. ते बरोबर होतेच. परंतु त्या वहीत चवीचा रकाना नव्हता. वर्षभर पत्नीने घेतलेल्या चवींपैकी "छान", "अजून थांबू" यापलीकडे कागदावर काहीही उतरलेले नव्हते, त्यामुळे वाद सुरू झाला तेव्हा एका बाजूला आकडे होते आणि दुसऱ्या बाजूला केवळ म्हणणे. त्यातच दिवाळी फराळाच्या निमित्ताने मित्रमंडळी जमणार होती आणि पतीने या बाटल्यांविषयी आधीच सगळ्यांना सांगून ठेवले होते. पत्नी आपले कष्ट कमी लेखते आहे असे त्याला वाटले, आणि तो आपल्याला नाक मुरडणारी ठरवतो आहे असे तिला. चार दिवस या विषयावर घरात कोणी बोलले नाही.

दोष खरा होता. टेट्राहायड्रोपिरिडीन या गटातील संयुगे ब्रेटॅनोमायसिस आणि काही लॅक्टोबॅसिलस तयार करतात. त्यासाठी लायसीन हे अमिनो आम्ल आणि इथेनॉल लागते, आणि प्राणवायूचा स्पर्श झाला की त्यांचे प्रमाण वाढते. बाटल्या भरताना बिअर हलते, तिच्यात हवा मिसळते, आणि म्हणूनच मुरणाच्या काळात निर्दोष असलेली बिअर बाटलीत गेल्यावर तीन-चार आठवड्यांनी हा वास धरते. तो पेल्याशी नाक नेले तरी येत नाही, कारण आंबट द्रावणात ही संयुगे आम्लाशी बांधलेल्या रूपात असतात आणि उडत नाहीत. तोंडात गेल्यावर लाळेमुळे आंबटपणा कमी होतो, ती मोकळी होतात आणि घशामागून नाकापर्यंत पोहोचतात. पत्नीला वास घोट गिळल्यानंतर आला तो यामुळेच. लाळेचे स्वरूप आणि घ्राणसंवेदना माणसागणिक वेगळी असल्याने काहींना हा दोष अगदी थोड्या प्रमाणातही असह्य होतो, तर काहींना तो कळतच नाही. द्राक्षमद्य करणाऱ्यांच्या व्यवसायात ही गोष्ट जुनी आहे, आणि ज्याला हा दोष कळत नाही त्याने त्याविषयी शेवटचा शब्द उच्चारू नये एवढे शहाणपण तेथे रुळलेले आहे.

कोंडी फुटली ती पत्नीने सुचवलेल्या दोन चाचण्यांमुळे. पहिली स्वयंपाकघरातली होती. अर्धी वाटी बिअर ढवळून तिच्यातला वायू घालवायचा, मग तिच्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकायचा. सोड्याने आंबटपणा मरतो, बांधलेली संयुगे मोकळी होतात आणि वास नाकाने थेट घेता येतो. फेस ओसरल्यावर पतीने वाटी नाकाशी धरली तेव्हा त्याला प्रथमच काहीतरी जाणवले, पण ते उंदरापेक्षा भाजलेल्या पोह्यांच्या जवळचे होते आणि त्यात त्याला वाईट असे काही वाटले नाही. बरणीतल्या राखीव बिअरवर हाच प्रयोग केल्यावर तसा वास आला नाही.

दुसरी चाचणी अधिक काटेकोर होती. स्टीलच्या तीन फुलपात्रांपैकी दोहोंत एक बिअर आणि तिसऱ्यात दुसरी असे पतीने स्वयंपाकघरात भरायचे आणि बाहेर बसलेल्या पत्नीने त्यातले वेगळे कोणते ते सांगायचे. बाटलीतली बिअर आधी ढवळून सपाट केली होती, नाहीतर फेसावरूनच ओळख पटली असती. फुलपात्रांमुळे रंग आणि गढूळपणाही दिसत नव्हता. हा वास तोंडात रेंगाळतो, म्हणून दोन घोटांमध्ये बराच वेळ जाऊ देऊन, पाव खाऊन आणि पाणी पिऊन एका संध्याकाळी तीनच फेऱ्या घेतल्या आणि उरलेल्या तीन दुसऱ्या दिवशी. पत्नीने सहाही वेळा वेगळे पात्र बरोबर ओळखले. नुसत्या अंदाजाने एका फेरीत बरोबर येण्याची शक्यता तीनात एक असते. सहा फेऱ्या ओळीने बरोबर येण्याची शक्यता ७२९ मध्ये एक. मग भूमिका बदलून पतीने चव घेतली तेव्हा त्याला दोनदाच जमले, म्हणजे अंदाजाने जितके जमायला हवे तितकेच.

या चाचणीने काय सिद्ध झाले आणि काय नाही हे नीट पाहिले पाहिजे. दोन नमुन्यांत फरक आहे आणि तो पत्नीला कळतो, पतीला कळत नाही, एवढेच तीन पात्रांच्या चाचणीने सांगितले. तो फरक नेमका कशाचा आहे हे तिने सांगितले नाही, कारण बाटलीतली बिअर साखर आणि नवे यीस्ट मिळाल्यामुळे इतरही बाबतींत थोडी बदललेली असणारच. मात्र सोड्याचा परिणाम, घोटानंतर उशिरा येणारा वास आणि बाटल्या भरल्यानंतर उलटलेले तीन आठवडे या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या तर दुसरे कोणतेही स्पष्टीकरण यापेक्षा जवळचे नाही. व्यावसायिक प्रयोगशाळेत नमुना पाठवण्याची या घरात गरज नव्हती. गरज होती ती पत्नीच्या जिभेला वहीत जागा मिळण्याची.

त्यानंतरचे निर्णय लवकर झाले. बाटल्या फेकायच्या नाहीत, कारण हा दोष बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत कमी होत जातो. त्या थंड करायच्या नाहीत, तळघरातल्या १८ ते २० अंशांवरच ठेवायच्या, म्हणजे ब्रेटॅनोमायसिसचे काम चालू राहील. दर महिन्याला एक बाटली उघडायची. दिवाळीसाठी पतीने पहिल्या, सोप्या पद्धतीने गोझे केली. जर्मनीतील गोस्लार आणि लाइपझिग या शहरांशी नाते असलेल्या या गव्हाच्या आंबट बिअरमध्ये मीठ आणि धणे मुळातच असतात. त्यात कोकमाचे आगळ घालावे ही कल्पना पत्नीची, आणि आगळ खारट असते हे लक्षात घेऊन मिठाचे प्रमाण निम्म्यावर आणण्याचे काम पतीचे. फराळाच्या दिवशी ती संपली. चकलीबरोबर ती चांगली लागते, शंकरपाळ्याबरोबर नाही, असे पत्नीने त्या रात्री वहीत लिहिले, आणि चवीच्या नव्या रकान्यातील ही पहिली नोंद होय.

रकान्याची पद्धत त्यांनी घरगुती बिअरच्या स्पर्धांवरून उचलली. तेथे परीक्षक बहुधा जोडीने बसतात, पण प्रत्येकाने आपले गुणपत्रक आधी स्वतंत्रपणे भरायचे आणि मगच चर्चा करायची असा दंडक असतो. चर्चा आधी झाली की ठाम बोलणाऱ्याची चव दुसऱ्याच्या तोंडात शिरते. या घरात ठाम बोलणारा पती होता, आणि त्याच्या ठामपणाला आकड्यांचे पाठबळ असल्यामुळे तो आणखीच अवघड होता. आता दोघे दोन कागदांवर लिहितात आणि नंतर वाचून दाखवतात. दोघांपैकी एकाने नको म्हटले तर बिअर घराबाहेर जात नाही आणि दोघांनीही हो म्हटल्याखेरीज मोरीत ओतली जात नाही. दुसरा अर्धा नियम मला पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. नकार देणाऱ्याला संपूर्ण अधिकार मिळाला असता तर त्या बावीस बाटल्या ऑक्टोबरमध्येच रिकाम्या झाल्या असत्या आणि ते चुकीचे ठरले असते. डिसेंबरपर्यंत पत्नीच्या कागदावर "उंदीर" हा शब्द कायम होता, जानेवारीत त्याच्यापुढे "किंचित" आले, आणि मार्चमधील नोंदीत लिंबाची साल, ओले गवत आणि अननस एवढेच आहे. पतीच्या कागदावर या सर्व महिन्यांत दर वेळी जवळजवळ एकच वाक्य आढळते.

या व्यवस्थेत एक अडचण आहे आणि ती पत्नीने स्वतः बोलून दाखवली. दोष ओळखण्याचे काम कायमचे तिच्याकडे आले आहे, म्हणजे प्रत्येक नव्या हंड्याचा पहिला वाईट घोट तिच्याच वाट्याला. सर्दी झाली तर बाटल्या भरण्याचा बेत पुढे ढकलावा लागतो. उलट, पती ही बिअर निर्धास्त पिऊ शकतो. यावर तोडगा म्हणून सोड्याची वाटी आता पतीचे काम झाली आहे. भाजलेल्या पोह्यांचा वास आला की त्याने तसे लिहायचे आणि पत्नीने तोवर चव घ्यायची नाही. तिच्याइतकी ही कसोटी तीक्ष्ण नाही, पण ढोबळ दोष त्यातून सुटत नाही.

मॅरियनबेरीचा अर्धा भाग त्यांनी जानेवारीत भरला. या वेळी बाटल्यांत आधी कार्बन डायऑक्साइड सोडून हवा काढली, नळी बाटलीच्या तळाला टेकवून बिअर न खळाळू देता भरली आणि झाकणे लगेच बसवली. चार आठवड्यांनी सोड्याच्या वाटीत पतीला पोह्यांचा वास अगदी पुसट आला, पत्नीला घोटानंतर तो जाणवला पण त्रास झाला नाही, आणि दोघांनीही आपापल्या कागदावर "एप्रिलपर्यंत थांबू" असे लिहिले.